इंजिनाखालचं रबर

सुमननं रबराच्या ठोकळ्यावर अंगठा दाबला. ठोकळा जराही दबला नाही. मग तिनं शेजारचा उचलला. त्यात अंगठा हलकेच रुतला, आणि काढून घेतल्यावर पडलेला खळगा सावकाश भरून आला.

“हा कडकवाला मिलिटरीच्या डिस्पोजलचा, वहिनी,” भिकन मिस्त्री म्हणाला. “ट्रकच्या इंजिनाखालचा माल. मी कापून आपल्या मापाचा केला. अन् हा नरमवाला मुंबईहून बनवून आणला. जुन्याचा तुकडा पाठवला होता ना, त्याच्यावरून.”

“कंपनीचे मिळतच नाहीत?”

“कुठून मिळतीन? लढाईच्या आधीची गाडी. तिचे सुटे भाग बनवणंच बंद केलं म्हणे त्यांनी.”

बुऱ्हाणपुरात राजपुऱ्याच्या वेशीजवळ भिकनचं गॅरेज होतं. वर पत्रे, तीन बाजूंनी कुडाच्या भिंती, आणि मध्ये बोनेट उघडं टाकून उभी असलेली हिरव्या रंगाची, दोन आसनांची विलायती गाडी. इंजिन लाकडी ओंडक्यांवर तोलून धरलं होतं. त्याच्याखालून काढलेली जुनी रबरं जमिनीवर पडली होती. तेल पिऊन ती फुगली होती, भेगाळली होती. एकाचे तर मधोमध फाटून दोन तुकडे झाले होते.

बाहेर कडुनिंबाच्या सावलीत सुमनचे यजमान लीलाधरराव खुर्ची टाकून बसले होते. अंगात कोट होता, आणि उजवा हात कोटाच्या खिशात. बोलणं त्यांना ऐकू येत होतं, पण त्यांची नजर रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांवर होती.

“दोन्हीत फरक काय पडतो?” सुमननं विचारलं.

“कडक लावला तं इंजिन जागचं हलणार नाही. पन त्याची सगळी थरथर खाली चासीत उतरीन. मंग स्टेअरिंगमधी येईन, बसायच्या गादीत येईन. दात वाजतीन वहिनी, खरंच सांगतो. नरमवाला काय करते, थरथर सारी पिऊन घेते. गाडी पाण्यावरून चालल्यावानी चालीन.”

“मग नरमच लावायचा की.”

“कडक लावा,” लीलाधरराव बाहेरून म्हणाले.

सुमन मागे वळली. ते अजून रस्त्याकडेच पाहत होते.

“अहो, पण ऐकलंत ना काय म्हणतायत ते? दात वाजतील म्हणे.”

“त्या दिवशी इंजिन हललं म्हणूनच घोटाळा झाला. हलणारच नाही असं काही लावा.”

त्या दिवसाची आठवण निघाली तेव्हा सुमननं हातातला ठोकळा खाली ठेवला. संक्रांतीच्या आधी दोघं असीरगडाकडे गेली होती. चढावर लीलाधररावांनी एक्सिलेटर दाबला आणि बोनेटखाली धाडकन काहीतरी आदळलं. रबर फाटून इंजिन एका बाजूला उचललं गेलं होतं, आणि त्याच्याबरोबर एक्सिलेटरची दांडीही ओढली गेली होती. त्यांनी पाय काढला तरी गाडी गुरगुरत पुढेच धावत राहिली. समोर वळण, वळणापलीकडे दरी. लीलाधररावांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, ब्रेक दाबला, आणि गाडी कठड्यापाशी थांबली. घरी बैलगाडीला बांधून गाडी आणली, आणि भिकननं सांगितलं, की इंजिनाखालच्या फौंडेशनचे रबर बदलल्याशिवाय ही आता रस्त्यावर काढायची नाही.

लीलाधरराव उठले. “मला ऊन सोसवत नाही. मी घरी जातो. तू ये सावकाश.”

ते बुधवाऱ्याकडे चालू लागले. सुमन त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिली. मान ताठ, डावा हात चालण्याबरोबर मागेपुढे होणारा, उजवा खिशात. कुंडगड संस्थानात ते स्टेट इंजिनिअर होते तेव्हा त्यांच्या चालण्याला साइटवरचे मुकादम घाबरत. दोन्ही हात झुलवत, भराभर, कुणासाठी न थांबता चालायचे.

कुंडगड म्हणजे सातपुड्यातलं चिमुकलं संस्थान. लीलाधररावांची सारी उमेद तिथं गेली. रस्ते त्यांनी आखले, नाल्यांवरचे फरशी-पूल त्यांनी बांधले, तलावाची पाळ त्यांनी घातली. मग विलीनीकरण झालं. राजवाड्यावरचं निशाण उतरलं, कचेऱ्यांना नवी कुलुपं लागली, आणि तरुण राजेसाहेब मुंबईला राहायला गेले. जाताना त्यांनी लीलाधररावांना बोलावलं, गाडीची किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, “तुमच्या रस्त्यांवर हिला फार पळवली मी. आता तुमच्याकडेच राहू द्या.” त्या गाडीत बसून नवराबायको बुऱ्हाणपूरला, बुधवाऱ्यातल्या वडिलोपार्जित घरी परत आली.

संस्थानी नोकरांना नव्या सरकारात सामावून घ्यायचं ठरलं होतं. पण ते आपोआप नव्हतं. नागपूरहून अधिकारी यायचे, एकेकाला बोलावून घ्यायचे, प्रश्न विचारायचे. कुणाला घ्यायचे, कुणाला घरी बसवायचे. लीलाधररावांना खंडव्याच्या डाकबंगल्यावर दोनदा बोलावणं आलं होतं. पहिल्यांदा ते तापाचं निमित्त सांगून गेले नाहीत. दुसऱ्यांदा म्हणाले, गाडी बिघडली आहे.

“रेल्वेनं जा ना,” सुमन म्हणाली होती. “खंडवा काय लांब आहे?”

“मी इंजिनिअर आहे. माझ्या वाहनानं जाईन.”

हे असलं बोलणं त्यांच्या तोंडी कधी नव्हतं. बैलगाडीनं, घोड्यावरून, प्रसंगी पायी साइटवर जाणारा माणूस. पण सुमननं ते मानी माणसाचं दुखणं समजून सोडून दिलं. सगळं गेलं होतं. एक गाडी राहिली होती. तिच्यातून उतरावंसं वाटत असेल त्या लोकांसमोर. आता तिसरं बोलावणं आलं होतं, होळीनंतरचं, आणि हे शेवटचं असणार हे दोघांनाही कळत होतं. मुलगी रजनी नागपूरला शिकत होती. घर चालायला हवं होतं. पण सुमनला त्याहून जास्त वाटायचं ते हे, की ह्या माणसाला सकाळी उठून जायला जागा हवी. नकाशा पसरायला टेबल हवं.

आणि तो हात बरा व्हायला हवा.

पावसाळ्यापासून त्यांचा उजवा हात कापत होता. तिनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते नुकतेच गाडी चालवून आले होते. “स्टेअरिंगमुळे,” ते हसून म्हणाले होते. “इंजिनाखालची रबरं गेलीत. सगळी धडधड हातात येते. खडक फोडणारे कामगार पाहिलेत ना मी, संध्याकाळी त्यांना भाकरीचा तुकडा धरता यायचा नाही. गाडी दुरुस्त झाली की जाईल.” इंजिनिअर माणूस, त्यात अशा गोष्टी डोळ्यांनी पाहिलेला. सुमनला शंका घ्यायचं काही कारण नव्हतं. रात्री ती त्या हाताला तिळाचं तेल चोळून द्यायची.

“वहिनी,” भिकननं हाक मारली. “मंग कोणता बसवू?”

सुमननं दोन्ही ठोकळे पुन्हा एकदा हातात घेतले. कडक रबर दगडासारखं जड आणि गार होतं.

“हा नरम लावला तर इंजिन पुन्हा तसं उचललं जाणार तर नाही ना?”

“नाही, तसं कसं? आत लोखंडाची पट्टी आहे, नवा माल आहे. तेलापासून जपा, एवढंच. एखाद्या वर्षानं पाहून घेऊ.”

“मग नरमच बसवा.”

“साहेब तं कडक म्हणले ना?”

“त्यांना मी सांगते. त्यांचा हात फार दुखावलाय हो ह्या गाडीनं.”

भिकन पाना पुसत होता. तो काहीतरी बोलणार होता असं तिला वाटलं. पण त्यानं नुसती मान हलवली आणि इंजिनाखाली शिरला.

गाडी तयार झाली त्या सकाळी सुमननं त्यांना काही सांगितलं नाही. आपणहून कळू दे, आधी गाडीत बसू दे, असं तिच्या मनात होतं. भिकननं हँडल मारलं. इंजिन सुरू झालं, आणि लीलाधररावांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी स्टेअरिंगवर तळवा टेकवला, क्षणभर तसाच ठेवला, आणि भिकनकडे पाहिलं. भिकन फडक्यानं बोनेट पुसू लागला.

राजघाटाकडून ती दोघं गावाबाहेर पडली. तापीवरून गार वारा येत होता. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या. रस्ता सरळ आणि मोकळा होता, आणि गाडी खरोखरच पाण्यावरून चालल्यासारखी चालली होती. आतापर्यंत जिच्यात ओरडून बोलावं लागे त्या गाडीत सुमनला स्वतःच्या बांगड्यांचा आवाज ऐकू आला.

“बघा!” ती म्हणाली. “किती छान वाटतंय. मी उगाच नाही...”

ती त्यांच्याकडे वळली होती. डाव्या हातानं त्यांनी स्टेअरिंग धरलं होतं. उजवा हात मांडीवर पडला होता, अगदी सैल, विसाव्याला ठेवल्यासारखा. आणि तो कापत होता. गाडीत कसलीही थरथर नव्हती, समोरची काच स्तब्ध होती, त्यांच्या खिशातल्या पेनाचं टोकसुद्धा हलत नव्हतं. फक्त तो एक हात हलत होता. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर फिरत होतं, सारखं, एका लयीत, जणू कुणी देवापुढच्या निरांजनासाठी वात वळत बसलं आहे.

सुमन त्या हाताकडे पाहत राहिली.

ती कुठं पाहते आहे ते लीलाधररावांना समोर पाहतानाही कळलं. त्यांनी हात उचलला आणि स्टेअरिंगवर घट्ट ठेवला. तिथं तो थोडा शांत झाला. थोडं पुढं जाऊन त्यांनी गाडी एका बागेच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

पाटातून पाणी सोडलेलं होतं. त्याचा आवाज येत होता.

“नरम बसवलंस,” ते म्हणाले.

“हो.”

“मी कडक सांगितलं होतं.”

“चुकलं माझं.”

त्यांनी मान हलवली. रागावलेले नव्हते. दमलेले दिसत होते, फार लांबून चालत आल्यासारखे. सुमनला त्यांचा हात हातात घ्यावासा वाटला. पण मग जे कळलं ते त्यांना दाखवल्यासारखं झालं असतं. तिनं पदर सारखा केला आणि केळीच्या घडांकडे पाहत म्हणाली, “ह्या वर्षी माल चांगला आलाय.”

“हं,” ते म्हणाले.

घरी आल्यावर ती देवघरात जाऊन बसली. पूजा केव्हाच झाली होती. एकेक गोष्ट समोर येऊ लागली. कोटाची बटणं लावायला वेळ लागतो म्हणून बंद झालेला बंद गळ्याचा कोट. चहा बशीत ओतून पिणारा माणूस कप अर्धाच भरून मागू लागला तो. रजनीला लिहायचं असलं की “तूच लिही, मी सांगतो” म्हणणं. टपोऱ्या अक्षरात नकाशांवर नावं घालणारे ते. मागे एकदा किराणावाल्यासाठी त्यांनी चिठ्ठी लिहिली होती आणि अक्षर मुंग्यांसारखं बारीक आलं होतं, तेव्हा ती हसली होती. तिचे वडील वैद्य होते. कंपवाताची माणसं तिनं लहानपणी ओट्यावर बसलेली पाहिली होती. पुढे त्यांचं काय होतं तेही पाहिलं होतं.

रेल्वेनं का नाही, हे आता तिला कळलं. गाडीतून उतरलेल्या माणसाचा हात कापला, तर लोक गाडीला दोष देतील. आगगाडीतून उतरलेल्याला कसला आडोसा?

आणि हा आडोसा त्यांनी त्या अधिकाऱ्यांच्या आधी तिच्यासाठी उभा केला होता. पावसाळ्यापासून.

दुपारी ते झोपले असताना ती राजपुऱ्याला गेली. भिकन जेवून नुकताच हात धूत होता.

“ते रबर काढा,” ती म्हणाली. “कडक बसवा.”

“काय झालं? नरमवाला बरोबर नाही बसला का?”

“चांगला बसलाय. काढा.”

भिकननं ओले हात धोतराला पुसले. तिच्या चेहऱ्याकडे त्यानं एकदाच पाहिलं.

“वहिनी, सगळे बोल्ट ढिले होत जातीन. दर आठवड्याला कसावे लागतीन.”

“कसू.”

“अन् साहेबाच्यानं खंडव्यापर्यंत...” तो थांबला. “घाट आहे मधी. मला बोलावं वाटत नाही, पन तुम्ही घरच्यासारख्या. मी त्यांचा हात पाहिला आहे. इथं खुर्चीवर बसलेले असताना. गाडी तेव्हा ओंडक्यावर होती.”

म्हणजे त्यालाही माहीत होतं. सगळ्या गावाला असेल कदाचित. आपण तेवढ्या तेल चोळत बसलो.

“गाडी मी चालवीन,” ती म्हणाली.

भिकनला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“मी चालवीन. होळीला अजून वेळ आहे. शिकेन तोवर.”

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं ते इतकंच, की रबर बदलायला सांगितलं आहे, तुम्ही म्हणालात तेच बसेल; आणि मला गाडी शिकवा.

लीलाधररावांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. चाळिशी उलटलेली बायको, नऊवारीचा काष्टा, हातात कणकेचं ताट.

“तू?”

“का? राजेसाहेबांच्या मावशी नव्हत्या चालवत?”

“त्या राणीसाहेब होत्या.”

“मी इंजिनिअरची बायको आहे,” सुमन म्हणाली. त्यावर ते हसले. कितीतरी महिन्यांनी हसले.

पहाटे गावात वर्दळ सुरू व्हायच्या आत ती दोघं राजघाटापलीकडच्या मोकळ्या माळावर जाऊ लागली. लीलाधरराव शिकवायला कडक होते. क्लच पूर्ण दाब. दाबलास? मग गिअर. ओरबाडू नकोस, दात आहेत त्याला. आरशात बघ. समोर बघ. सुमनला सुरुवातीला रडू यायचं. कडक रबरावर बसवलेलं इंजिन सगळी गाडी हादरवत असे. स्टेअरिंग हातात माशासारखं फडफडे; उतरल्यावरही किती वेळ बोटांना मुंग्या येत. नदीवर धुणं धुवायला आलेल्या बाया काठावर उभ्या राहून पाहायच्या, पदर तोंडाला लावून हसायच्या. मग हळूहळू हसायच्या बंद झाल्या आणि हात हलवू लागल्या.

“इतकं आवळून धरू नकोस,” एकदा ते म्हणाले. “जितकं आवळशील तितकं जास्त हादरेल. हात सैल ठेव. थरथरतो तर थरथरू दे. त्यानं रस्ता चुकत नाही.”

तिनं बोटं सैल केली. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या ध्यानात आलं की नाही, ते तिला कळलं नाही. ते खिडकीबाहेर पाहत होते. उजवा हात खिशात नव्हता. मांडीवर होता, आणि गाडीतल्या बाकी सगळ्यासारखाच हलत होता.

धुळवडीचे रंग भिंतींवर ताजे होते तेव्हा ती दोघं खंडव्याला निघाली. भिकननं आदल्या दिवशी सगळे बोल्ट कसून दिले होते. असीरगडच्या चढावर सुमनच्या पाठीला घाम फुटला. त्या वळणापाशी, जिथं गाडी कठड्याला थांबली होती, तिथं लीलाधररावांनी नुसतं “दुसरा” म्हटलं. तिनं गिअर टाकला, आणि गाडी वळण घेऊन वर गेली. पुढचा रस्ता खडीचा, ठिकठिकाणी उखडलेला होता. बोलणं अशक्यच होतं. डाकबंगल्याच्या आवारात तिनं इंजिन बंद केलं तेव्हा कानात शांतता ओतल्यासारखी झाली. किल्ली काढताना तिच्या हातून ती दोनदा निसटली.

अधिकारी नागपूरचे होते, लीलाधररावांच्याच वयाचे, चष्मा लावणारे, बोलायला मऊ. ते वऱ्हांड्यात वेताच्या खुर्चीवर बसले होते आणि गाडी कोण चालवत होतं ते त्यांनी पाहिलं होतं.

“या, या. बाई, तुम्हीही बसा इथंच. आत फार उकडतं.” त्यांनी शिपायाला चहा आणायला सांगितलं. “बुऱ्हाणपूरपासून तुम्ही चालवत आणलीत? कमाल आहे.”

सुमननं नमस्कार केला आणि पतीच्या शेजारच्या खुर्चीवर अंग चोरून बसली. अधिकाऱ्यांनी कुंडगडच्या तलावाबद्दल विचारलं. त्यांनी तो पाहिला होता. पाळीचं काम उत्तम आहे म्हणाले. एवढ्याशा संस्थानात इतकं नेटकं काम पाहून आश्चर्य वाटलं होतं म्हणाले. लीलाधररावांचा चेहरा उजळला. दगड कुठून आणला, पहिल्या वर्षी पाझर कसा लागला, तो कसा बंद केला, ते सांगू लागले. सुमन ऐकत राहिली. हा माणूस तिला ओळखीचा होता. पुष्कळ दिवस भेटला नव्हता, इतकंच.

“तुमच्यासारख्यांची गरज आहे आम्हाला,” अधिकारी म्हणाले. “इकडे नर्मदेच्या बाजूला पुष्कळ कामं निघणार आहेत. दौरे फार करावे लागतील मात्र. लेव्हल घ्यायची, नकाशे काढायचे, सगळं नव्यानं. जमेल ना?”

शिपायानं चहा आणला. सुमननं कपबशी उचलली, आणि कप बशीवर वाजू लागला. तिनं दोन्ही हातांनी धरून पाहिला. तो आणखी वाजला. चहा हिंदकळून बशीत सांडला. तिच्या शेजारी लीलाधररावांनी कप घेतला होता, आणि तोही वाजत होता. दोन कपांचा किणकिणाट वऱ्हांड्यात ऐकू येऊ लागला.

अधिकारी मोकळेपणानं हसले. “अहो, ठेवा, ठेवा खाली. काय गाडी आहे की गिरणी? ह्या रस्त्यानं दोघांचेही हात पार कामातून गेलेले दिसतात.”

सुमननं मान खाली घातली. झालं होतं. ज्यासाठी ती माळावर रडली होती, घाट चढून आली होती, ते झालं होतं. आता फक्त हसून “हो ना” म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलंही.

लीलाधररावांनी कप टेबलावर ठेवला. उजवा हात मांडीवर सैल सोडला, सगळ्यांना दिसेल असा.

“हिचे हात गाडीनं कापतायत साहेब,” ते म्हणाले. “थोड्या वेळानं थांबतील. माझा थांबणार नाही.”

अंगठा बोटावर फिरत होता, आपल्या लयीत. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांचा आवाज मघापेक्षाही मऊ झाला.

“केव्हापासून आहे हे?”

हा प्रश्न इतक्या दिवसांत सुमननं त्यांना एकदाही विचारला नव्हता. तिनं मान वर केली, आणि खुर्ची थोडी त्यांच्याकडे वळवून तीही उत्तराची वाट पाहू लागली.